घरचं काम, त्यात काय सांगायचं?

पुणे-नाशिक रस्त्यावरच्या कारखान्यांत माझी नोकरीची बहुतेक वर्षं गेली. एमएसडब्ल्यू करून आधी भोसरीतल्या एका प्रेस शॉपच्या टाइम ऑफिसला लागले. पुढे चाकणला वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात कामगार कल्याण अधिकारी झाले आणि शेवटची बरीच वर्षं भरतीचं काम माझ्याकडे होतं. टाइम ऑफिस म्हणजे हजेरी, रजा, ओव्हरटाइम, कॅन्टीनची कुपनं. कागदावर एक असलेला माणूस प्रत्यक्षात वेगळाच निघतो, हे तिथे रोज दिसतं. निवृत्तीनंतर ओळखीच्या कॉलेजांतून शेवटच्या वर्षाच्या मुलांशी बोलायला बोलावतात, मी जाते. तिथले प्रश्न ठरलेले असतात. बायोडाटा कसा लिहू, इंग्रजी कच्चं आहे, कुणाची ओळख नाही, मध्ये गॅप पडली आहे. तासाभरात नीट उत्तरं देता येत नाहीत, म्हणून हे लिहिते आहे.

तुमचा अर्ज कंपनीत पोचल्यावर त्याचं काय होतं, ते आधी सांगते. मुलांना वाटतं, जागा निघते, जाहिरात येते, अर्ज येतात आणि त्यातला सर्वांत चांगला निवडला जातो. सरकारी भरती साधारण त्या वाटेने जाते. कारखान्यात सुरुवात होते ती प्रॉडक्शन मॅनेजरच्या वैतागाने. नवा पार्ट सुरू होणार असतो, तिसरी शिफ्ट लावायची असते, किंवा क्वालिटीतला एक चांगला मुलगा राजीनामा देऊन शेजारच्या प्लँटमध्ये गेलेला असतो. मागणीचा फॉर्म भरला जातो, प्लँट हेडची सही होते आणि पंधरा तारखेच्या आत माणूस द्या, असं बजावत तो कागद आमच्या टेबलावर येतो. मग मी आधी बघायची, ॲप्रेंटिसपैकी कुणाचं वर्ष संपत आलंय का. मग लाइनवरच्या सुपरवायझरना विचारायची, तुमच्या माहितीत कुणी आहे का. मग मागच्या मुलाखतींत थोडक्यात राहून गेलेल्यांना फोन. एवढ्यात जागा भरली तर जाहिरात निघतच नाही. नाही भरली तर कन्सल्टंट आणि पोर्टल. मोबाइलवर तुम्हाला दिसणाऱ्या जागा पुष्कळदा अशा सगळीकडून उरलेल्या असतात. रात्र रात्र जागून ‘अप्लाय’चं बटण दाबत बसलेल्या मुलाला उत्तर का येत नाही, याचं मोठं कारण हे आहे.

पोर्टलवरही आम्ही अर्जांची वाट बघत बसत नाही, स्वतःच शोधतो. डिप्लोमा, मेकॅनिकल, क्वालिटी, चाकण असे शब्द टाकायचे आणि अलीकडे कोण लॉग-इन झालंय ते लावून घ्यायचं. दोन महिन्यांपूर्वी प्रोफाइल भरून विसरून गेलेला मुलगा त्या यादीत इतका खाली जातो की तिथवर कुणी पोचत नाही. आठवड्यातून एकदा प्रोफाइल उघडून त्यात एखादी ओळ बदलली तरी नाव वर येतं. याला काही अक्कल लागत नाही, फक्त आठवण लागते. आणि गाव जुन्नरचं असलं तरी ‘चाकण, रांजणगाव, तळेगाव इथे काम करायची तयारी’ असं लिहा. आम्ही जागेचं नाव टाकून शोधतो, तुमच्या गावाचं नाही.

आता बायोडाटा. पहिल्या ओळीत ‘ऑब्जेक्टिव्ह’ असतं आणि त्यात गतिमान संस्थेत आपल्या कौशल्यांचा वापर करून संस्थेबरोबर स्वतःचीही प्रगती साधायची इच्छा असते. ही ओळ मी इतक्या वेळा वाचली आहे की ती कुठून उतरवली जाते तेही सांगू शकेन: सीनियरच्या बायोडाटावरून, आणि त्याने त्याच्या सीनियरच्या. मग मेहनती, प्रामाणिक, टीममध्ये काम करणारा. छंद: क्रिकेट आणि संगीत ऐकणं. शेवटी वडिलांचं नाव, जन्मतारीख, वैवाहिक स्थिती आणि वरील माहिती खरी असल्याचं प्रतिज्ञापत्र. अख्खं पान वाचून झालं तरी हा मुलगा सकाळी उठून काय करतो ते कळत नाही. फोन खणखणत असताना, कंत्राटदाराचं बिल समोर असताना आम्ही असे कागद उलटत असतो. फार तर अर्धं मिनिट एका कागदाला मिळतं आणि तेवढ्यात नजर वरच्या अर्ध्या पानाखाली उतरत नाही.

या बाबतीत माझं बघणं बदललं ते एका मुलीमुळे. आंबेगाव तालुक्यातली, केमिस्ट्री घेऊन बीएस्सी झालेली. इनकमिंग इन्स्पेक्शनला, म्हणजे बाहेरून येणारा माल तपासायला, माणूस हवा होता. मुलाखत चांगली चालली नव्हती. प्रश्न विचारला की ती पुस्तकातली व्याख्या म्हणायची, मध्येच विसरायची आणि गप्प बसायची. आमचे क्वालिटी मॅनेजर घड्याळ बघायला लागले होते. आता उठायचंच म्हणून मी विचारलं, घरी काय असतं? म्हणाली, गावात दूध संकलन केंद्र आहे, वडिलांचं. तू काय करतेस तिथे? “सकाळ-संध्याकाळ फॅट मी लावते.”

फॅट लावणं म्हणजे काय, हे मी तिला मुद्दाम सविस्तर सांगायला लावलं आणि मुलगी बदललीच. गायीच्या दुधाला ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ (फॅट सोडून उरलेला घन भाग) लागतो, त्याच्या खाली गेलं की दर कापला जातो. सॅम्पल काढायच्या आधी दूध ढवळावं लागतं, नाहीतर वरची साय येऊन फॅट खोटी लागते. मशीन रोज सकाळी धुवून, तपासून घ्यावं लागतं. दर दहा दिवसांनी दुधाचा पगार असतो आणि त्याचा हिशेब तीच करते. एखाद्याची फॅट एकदम पडली की तो माणूस भांडायला येतो. मग त्याच्यासमोर दुसरं सॅम्पल काढायचं, वहीतले मागच्या आठवड्याचे आकडे दाखवायचे, गायीचा चारा बदलला का ते विचारायचं. आवाज चढवायचा नाही, कारण उद्या तो दूध दुसऱ्या डेअरीला घालेल.

क्वालिटी मॅनेजरांनी घड्याळाकडे बघणं सोडून दिलं होतं. नमुना कसा घ्यावा, मापाचं यंत्र का तपासावं, नोंद कशी ठेवावी, माल नाकारताना सप्लायरशी कसं बोलावं, हे सगळं आम्ही नव्या मुलांना सहा-सहा महिने शिकवायचो. ही पोरगी ते दहावीपासून करत होती. मी विचारलं, हे बायोडाटात का नाही लिहिलंस? तर म्हणाली, “मॅडम, ते घरचं काम आहे. त्यात काय सांगायचं?”

ती नोकरीला लागली. त्यानंतर मुलाखतीत मी तो प्रश्न सगळ्यात आधी विचारायला लागले, आणि काय काय बाहेर यायला लागलं! कुणी चुलत्याच्या ट्रॅक्टर गॅरेजमध्ये क्लच प्लेट बदलत होता. कुणी गणेश मंडळाचा खजिनदार होता आणि वर्गणीची पावती पुस्तकं, मांडववाल्याचं बिल आणि विसर्जनानंतर उरलेल्या पैशांची भांडणं त्याने निस्तरली होती. एक मुलगी खानावळ चालवणाऱ्या आईसाठी रोज किती पोळ्यांचं पीठ मळायचं याचा अंदाज काढायची, आणि तिचा अंदाज क्वचितच चुकायचा. यातलं एकही बायोडाटात नव्हतं. बायोडाटात होतं ते फायनल इयरचं प्रोजेक्ट. आता पुण्यात प्रोजेक्ट तयार मिळतात हे आम्हाला ठाऊक आहे, त्यामुळे प्रोजेक्टचं नाव कितीही भारदस्त असलं तरी मी एवढंच विचारायची की यातला कुठला भाग पहिल्यांदा बिघडला आणि तो दुरुस्त करायला किती पैसे लागले. ज्याने हाताने केलंय तो हसत सांगायला लागतो. बाकीचे छताकडे बघतात.

यात मुलांचा तसा दोष नाही. शेतातलं, दुकानातलं, गोठ्यातलं काम हे शिक्षण नसलेल्यांनी करायचं, शिकलेल्याने त्यातून सुटायचं, हे आपण घरात त्यांना लहानपणापासून ऐकवतो. मग डिग्री हातात आल्यावर पोरगं ते सगळं झाकूनच आमच्यापुढे येणार. माझ्या मते आपल्याकडच्या नव्या पदवीधरांचं सगळ्यात मोठं नुकसान इथे होतं. मार्क कमी असल्याने किंवा इंग्रजी नसल्याने होणारं नुकसान त्या मानाने लहान.

म्हणून बायोडाटाच्या वरच्या अर्ध्या पानात तुम्ही केलेलं काम घाला, साध्या वाक्यात, आकड्यांसकट. ‘वडिलांच्या दूध केंद्रावर चार वर्षं रोज सुमारे साठ शेतकऱ्यांच्या दुधाची फॅट तपासणी आणि दहा दिवसांचा हिशेब’ असं. मग शिक्षण, मग येणारी सॉफ्टवेअर. एक्सेल येतं असं लिहिलं असेल तर खरंच येऊ द्या, कारण आम्ही लॅपटॉप पुढे सरकवतो. वडिलांचं नाव, जात, वैवाहिक स्थिती, प्रतिज्ञापत्र, काही नको. फाइलला स्वतःचं नाव द्या. ‘रेझ्युमे फायनल न्यू टू’ नावाच्या फाइली माझ्या डाउनलोडमध्ये ढिगाने पडलेल्या असायच्या. आणि बारावीत गंमत म्हणून काढलेला ईमेल पत्ता बदला. ‘किंग’, ‘रॉयल’ आणि ‘भाऊ’ असलेल्या पत्त्यावर ऑफर लेटर पाठवताना आमचेही हात अडखळतात.

इंग्रजीबद्दल खरं ते सांगते. कारखान्यात पहिल्या नोकरीची मुलाखत मराठी-हिंदीत होऊ शकते, बऱ्याचदा होतेच. पण रिपोर्ट, ईमेल, ग्राहकाचं ऑडिट इंग्रजीत असतं, आणि इंजिनिअरला दोन-तीन वर्षांत त्यात उतरावंच लागतं. तेव्हा इंग्रजीची गरज नाही, असं मी कुणाला सांगणार नाही. मी एवढंच सांगते की स्वतःविषयीचं पाठ केलेलं भाषण सोडा. त्याऐवजी आपण केलेल्या एखाद्या कामाबद्दल पाच मिनिटं इंग्रजीत बोलायचा सराव करा, मोडकंतोडकं का होईना. विषय आपल्या हातातला असला की शब्द सापडतात. आणि मुलाखतीत अडलात तर मराठीत सांगू का, असं सरळ विचारा. नाही म्हणणारा मुलाखतकार मी फार कमी पाहिला.

आमचे क्वालिटी मॅनेजर टेबलावर एक व्हर्निअर आणि एक बुश ठेवायचे. मुलगा बसला की म्हणायचे, बाहेरचा व्यास सांग. डिस्टिंक्शनवाली मुलं लीस्ट काउंट ०.०२ मिलिमीटर म्हणून लगेच सांगायची, सूत्रही सांगायची. पण व्हर्निअर हातात घेतल्यावर बाहेरच्या मापाचे जबडे कुठले आणि आतल्या मापाचे कुठले इथे गोंधळ. मग घाईघाईत काहीतरी आकडा ठोकून द्यायचा. एक मुलगा आला, मार्क बेताचे. त्याने व्हर्निअर उचललं, उलटसुलट करून बघितलं आणि परत ठेवलं. म्हणाला, “सर, प्रॅक्टिकलला आमच्या बॅचमध्ये एकच होतं. माझ्या हातात कधी आलंच नाही. एकदा दाखवाल का?” मॅनेजरांनी दाखवलं. त्याने तीनदा माप घेतलं, तिन्ही वेळा वेगवेगळ्या जागी, आणि तिन्ही आकडे सांगितले. बुश थोडा लंबगोल होता. तो मुद्दामच तसा ठेवलेला असायचा. एवढ्या मुलांत ते त्याच्या लक्षात आलं. त्याला घेतलं, हे सांगायला नको.

आता गॅप. पुण्यात भरतीचं काम करणाऱ्याला हा प्रश्न चुकत नाही, कारण सदाशिव पेठेतल्या स्पर्धा परीक्षांच्या अभ्यासिकांतून बाहेर पडलेली मुलं कधी ना कधी आमच्याकडे येतात. राज्यसेवेची वयोमर्यादा २०१६मध्ये खुल्या गटासाठी ३३वरून ३८ झाली. संधी वाढली हे खरं, पण थांबायचं कधी हे ठरवणंही त्यामुळे अवघड झालं. सत्तावीस-अठ्ठाविसाव्या वर्षी, घरून फोन यायला लागल्यावर, तो मुलगा बायोडाटा घेऊन येतो आणि ती चार-पाच वर्षं कशी लपवायची याची त्याला काळजी असते.

लपवायचे प्रकार मी बघितले आहेत. एकाने कुठल्याशा वर्कशॉपचं दोन वर्षांचं अनुभवपत्र आणलं होतं, शिक्का-सही सगळं. पीएफचा यूएएन नंबर मागितला तर नाही म्हणाला. पगार बँकेत आला होता का? रोख मिळायचा. वर्कशॉपला फोन लावला तर उचलणाऱ्याने याचं नाव ऐकलेलं नव्हतं. २०१४पासून प्रत्येक पीएफ सदस्याला एकच नंबर असतो आणि त्यावर नोकरीचा सगळा इतिहास दिसतो. खोटं अनुभवपत्र पकडायला आता हुशारी लागत नाही. तो मुलगा खरं तर बरा होता. नुसतं ‘एमपीएससी करत होतो’ म्हणाला असता तरी आम्ही त्याला पुढच्या फेरीला बोलावलं असतं.

दुसऱ्या एकाने तसं केलं. पहिल्याच वाक्यात म्हणाला, चार वर्षं परीक्षा दिल्या, दोनदा मुख्य परीक्षेपर्यंत गेलो, झालं नाही, आता थांबलोय. मी विचारलं, चार वर्षांत अभ्यासाव्यतिरिक्त काय केलंस? सुरुवातीला काहीच नाही म्हणाला. खोदल्यावर निघालं की आठ जणांच्या खोलीचं भाडं, लाइटबिल, मेसचे पैसे तोच बघायचा, आणि अभ्यासिकेच्या मालकाकडे रात्रपाळीला बसून स्वतःची फी भागवायचा. शिवाय कायदा वाचायची सवय लागलेली. आमच्याकडे कंत्राटी कामगारांचे कागद सांभाळायला माणूस नव्हता. कंत्राटदाराने पीएफ भरला का, चलन खरं आहे का, रजिस्टर जुळतं का, हे तपासायचं कंटाळवाणं काम. त्याने ते असं केलं की पुढे कंत्राटदार त्याला टरकून असायचे.

ॲप्रेंटिसशिपकडे पदवीधर नाक मुरडतात. ते काय आयटीआयवाल्यांचं, असा समज आहे. १९६१च्या ॲप्रेंटिस कायद्यात १९७३च्या दुरुस्तीने पदवीधर आणि डिप्लोमाधारक आले, त्यालाही आता पन्नासवर वर्षं झाली. तीस किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनेला ठरावीक टक्के ॲप्रेंटिस घ्यावेच लागतात. २०१९च्या नियमांत पदवीधराचं किमान विद्यावेतन महिना ९,००० रुपये धरलं होतं. एवढ्या पैशात चाकणला खोली घेऊन राहणं कठीण आहे, हे मला माहीत आहे. पण मघाशी सांगितलं तसं, जागा निघाली की आमची पहिली नजर ॲप्रेंटिसकडे जाते.

त्याची दुसरी बाजूही ऐका. वर्ष संपल्यावर कायम करायचं बंधन कंपनीवर नाही. पीएफ नाही. काही ठिकाणी ॲप्रेंटिस म्हणजे स्वस्तातला मजूर. वर्षभर एकाच मशीनवर पार्ट चढव-उतरव करायला लावतात आणि नवी बॅच आली की जुनी बाहेर. ही कंपनी त्यातली आहे का, हे आमच्यासारख्या आतल्या माणसाला विचारून कळणार नाही, आम्ही गोड गोडच बोलणार. पहिली शिफ्ट सुटायच्या वेळी गेटबाहेरच्या चहाच्या टपरीवर थांबा. गळ्यात ॲप्रेंटिसचं कार्ड असलेल्या मुलांना विचारा, गेल्या वर्षीच्यांपैकी कितीजण आत आहेत आणि किती विभागांत फिरवतात. दहा रुपयांच्या चहात कळतं. राज्य सरकारची २०२४ची मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना, ज्यात पदवीधराला महिना १०,००० रुपये मिळतात, तिच्याकडेही याच डोळ्याने बघा. ते प्रशिक्षण आहे. तिथे काम शिकून घ्या, पण पुढे तिथेच चिकटू, असं गृहीत धरू नका.

ओळख आणि वशिला या दोन गोष्टी मुलं एकच समजतात, त्यामुळे सालस मुलं दोन्ही टाळतात. पुढाऱ्याची चिठ्ठी घेऊन येणारे आमच्याकडेही यायचे. चिठ्ठीने माणूस कधी कधी आतही यायचा, पण त्याच्याकडे सगळ्यांचं बोट असायचं आणि चुकलं की सुपरवायझर त्याला सांभाळून घ्यायचा नाही. ओळख म्हणजे त्याच कॉलेजातून दोन वर्षं आधी बाहेर पडलेल्या मुलाला ‘तुमच्याकडे क्वालिटीत जागा निघाली तर कळवशील का’ असा मेसेज करणं. यात लाज कसली? सुपरवायझरने सुचवलेल्या मुलाची मुलाखत आम्ही तशीच कडक घेतो. फक्त त्याचा कागद ढिगात हरवत नाही. मुलं बेकार आहेत हे नातेवाइकांपासूनही लपवून ठेवतात. लग्नात कुणी विचारलं तर ‘चालू आहे काहीतरी’ म्हणतात. मग सांगणार कोण?

पैशाचं मोघम ठेवू नका. तीन लाखांचं पॅकेज म्हटलं की मुलगा घरी पंचवीस हजार पगार सांगून मोकळा होतो. त्या पंचवीस हजारांत कंपनीचा पीएफचा वाटा असतो, ग्रॅच्युइटी धरलेली असते, बहुतेकदा वर्षाचा बोनसही असतो. वर तुमचा पीएफ कापला जातो, व्यवसाय कर कापला जातो. हातात वीस-एकवीस हजार पडतात. (मुलींसाठी एक बरी गोष्ट: १ एप्रिल २०२३पासून महाराष्ट्रात महिना २५,००० रुपयांपर्यंत पगार असलेल्या स्त्रियांना व्यवसाय कर नाही.) हा हिशेब आधीच मागा, कुणी रागावत नाही. त्याहून महत्त्वाचं म्हणजे नेमणूक कुणाच्या पेरोलवर आहे ते विचारा. गेटवर मोठ्या कंपनीची पाटी आणि नियुक्तिपत्र कंत्राटदाराचं, असं सर्रास असतं. ते घ्यायचंच नाही असं नाही, पण माहीत असू दे. नोव्हेंबर २०२५पासून लागू झालेल्या श्रमसंहितांनुसार नियुक्तिपत्र प्रत्येकाला देणं बंधनकारक आहे. तोंडी बोलीवर रुजू होऊ नका.

बाँडचा कागद वाचल्याशिवाय सही करू नका. बाँडला काही अर्थ नसतो, सोडून द्यायचं, असं मित्र सांगतात. मे २०२५मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका सरकारी बँकेच्या बाबतीत तीन वर्षांची अट आणि दोन लाखांची भरपाई वैध ठरवली आहे. प्रत्येक बाँड टिकतो असं यातून निघत नाही, पण मित्राच्या भरवशावरही राहू नका. मूळ सर्टिफिकेटं मात्र कुणाकडे ठेवायची नाहीत. दाखवायची, झेरॉक्स द्यायची आणि पिशवीत परत. आणि नोकरी देतो म्हणून कुणी एक रुपयाही मागितला, नोंदणी म्हणून, डिपॉझिट म्हणून, लॅपटॉपचे म्हणून, तर तिथे नोकरी नाही हे समजा. नामांकित कंपनीच्या लेटरहेडवरचं खोटं ऑफर लेटर घेऊन आमच्या गेटवर आलेल्या मुलांना सिक्युरिटीवाल्याने परत पाठवताना मी बघितलं आहे. सोबत वडील असायचे, इस्त्रीचे कपडे घालून आलेले.

मुलींना अजून विचारतात, लग्न कधी करणार. मीही टेबलाच्या त्याच बाजूला बसून हा प्रश्न सहकाऱ्यांच्या तोंडून ऐकला आहे आणि दर वेळी चिडले आहे. कामाचा त्याच्याशी संबंध नाही. तरी तुम्हाला खोलीत भांडायचं नसेल, तर ‘दोन-तीन वर्षं काम शिकायचं ठरवलंय’ एवढं सांगा आणि लगेच उलट विचारा की शिफ्टला बस कुठून कुठवर आहे, दुसऱ्या शिफ्टनंतर दारापर्यंत सोडतात का. हा प्रश्न विचारणारी मुलगी यायचं ठरवून आली आहे, हे समोरच्याला कळतं. आणि उत्तरावरून तुम्हालाही ती कंपनी कळते.

पहिली नोकरी मनासारखी मिळेल असं नाही. ती वर्षभर तरी करा, असं मी सांगते; त्याआधी सोडायची असेल तर पगार थकतोय, जिवाला धोका आहे, अपमान होतोय अशा कारणासाठीच सोडा, हजार रुपये जास्त मिळतात म्हणून नको. वर्षभरात तुमच्याकडे सांगण्यासारखं काम जमतं आणि दुसऱ्या मुलाखतीत ते उपयोगी पडतं. नोटीस पिरियड भरून, पीएफ ट्रान्सफरचं बघून बाहेर पडा. चाकण-भोसरीचं जग लहान आहे. मॅनेजर मंडळी एकमेकांना फोन करतात.

मधला वाट बघण्याचा काळ मात्र फार वाईट असतो आणि त्यावर माझ्याकडे औषध नाही. मुलाखत होऊन तीन आठवडे झाले, फोन नाही. घरात कुणी काही बोलत नाही, पण ताटात वाढताना आई विचारते, काही कळलं का रे? आठवड्याने एक नम्र मेसेज करायला हरकत नाही, दोनदा केला तरी चालतो. त्यानंतर ती जागा मनातून काढून टाका. आणि वडिलांच्या दुकानात बसायला, गोठ्यावर जायला लाजू नका, तेवढाच दिवस कामात जातो.

शेवटचं माझ्या व्यवसायातल्या लोकांना, जे अजून त्या खुर्चीत बसतात त्यांच्यासाठी. आमच्या विभागात आम्ही एक नियम लावून घेतला होता, मुलाखतीला आलेल्या प्रत्येकाला, निवड झाली नसेल तरी, महिन्याच्या आत दोन ओळींचा मेसेज जायचा. टाइम ऑफिसचा क्लार्क यादी समोर घेऊन एका दुपारी ते काम उरकायचा. मुलगा एसटीचं तिकीट काढून, अर्धा दिवस घालवून तुमच्याकडे आलेला असतो. त्याला नाही म्हणायचं असेल तर तसं म्हणा, पण कळवा.